तेजाब लागलेलं टोक

मस्तगडच्या त्या दुकानात दोन भावांचे दोन धंदे एकाच टेबलावर चालत. थोरला देवानंद रेडिओ दुरुस्त करी. धाकटा सर्जेराव कंदील आणि रॉकेलचे गळके डबे कथलानं झाळून देई. त्र्याहत्तर साली देवानंदच्या हाताला कंप सुटला, तार धरवेना, तेव्हा त्याची बायको बेबीनंदा त्याच्या जागी बसली. काम तिनं त्याच्याशेजारी बसूनच शिकून घेतलं होतं. गिऱ्हाइकांनी ते हळूहळू चालवून घेतलं. सर्जेरावनं नाही.

"रेडिओ बाईमाणसाचं काम न्हाई," तो गिऱ्हाइकादेखत म्हणे. ती मान वर न करता पुढचा सांधा जोडी.

तारा कथलानं जोडायच्या सोल्डरिंग आयर्नला ती फार जपे. वितळलेलं कथील तांब्याचं टोक हळूहळू खातं, आणि उठसूट कानस मारली की टोक आणखी लवकर संपतं. म्हणून ती टोक ओल्या फडक्यावर पुसे, काम नसलं की बटण बंद करी आणि बंद करण्याआधी टोकावर कथलाचा थर चढवून ठेवी. आठवड्याला टोक बाहेर काढून आतली काळी पापडी झटकी, नाहीतर ते आयर्नच्या नळीत कायमचं अडकून बसतं.

"वैनी, लेकराला न्हाऊ घालून राह्यल्या का?" सर्जेराव हसे.

ती जेवायला घरी गेली की तो तेच आयर्न उचलून पत्रा साफ करायच्या तेजाबात बुडवी आणि डबे झाळी. परतल्यावर तिला टोकाला खड्डे पडलेले दिसत. तिनं दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा नवऱ्याला सांगितलं. देवानंद म्हणाला, "भाऊ आहे. जाऊ दे ना."

मग भोकरदनचे तातेराव आपला रेडिओ घेऊन परत आले. तिनं जोडलेल्या तारा हिरव्या पडून तुटल्या होत्या. टोकावरचं तेजाब सांध्यांत उतरलं होतं.

"बाईच्या हातचं असंच असायचं," सर्जेराव तातेरावांना म्हणाला.

बेबीनंदानं टोक उपसून त्याच्यापुढं आपटलं. "हे तुमच्या तेजाबाचं काम आहे, भाऊजी. सांगा तातेरावांना."

"मला काय माहीत?"

ती देवानंदकडे वळली. तो खिळ्यांचा डबा चाळत बसला होता. त्या क्षणी तिला दिराहून नवऱ्याचाच जास्त संताप आला.

"उद्यापासून दुकानाच्या मधोमध आडोशाला पत्रे ठोका," ती म्हणाली. "न्हाईतर मी घरी बसते, तुम्ही दोघं भाऊ चालवा दुकान."

पत्रे सर्जेरावनंच ठोकले, मुद्दाम खिडकी आपल्या बाजूला ठेवून. तिनं दिवसाढवळ्या बल्ब लावून काम केलं. रेडिओवाले आले की तो पलीकडून ओरडे, "मेकॅनिक न्हाई इथं, पुढं जा." काही जात, काही आत येत. देवानंद घरात दोघांशी बोले. ती दोघं एकमेकांशी नाही.

पुढं सर्जेरावनं स्वतःचं आयर्न घेतलं. टोकं महिनाभरही टिकेनात. एकदा त्याची बायको गोजरबाई दारात येऊन चाचरत उभी राहिली.

"जाऊबाई, तुमचं टोक इतकं कसं टिकतं? ते इचारून राह्यले."

"त्यांनाच येऊन विचारू दे," बेबीनंदा म्हणाली. "तातेरावांचा रेडिओ कोणामुळं बिघडला, ते आधी कबूल करून."

तो आला नाही. तिनंही पुन्हा निरोप धाडला नाही.