एकाच्या आकड्यांची सरस्वती

परदेशातल्या या विद्यापीठात गणित शिकवायला लागून तीस वर्षं झाली. आज दसरा. वर्गात शिरलो आणि लहानपणी पाटीवर काढायचो तशी एकाच्या आकड्यांची सरस्वती फळ्यावर कधी काढली, कळलंच नाही. वळून पाहिलं तर मुलं ती वहीत उतरवून घेत होती.

"सर, हे काय सिद्ध करायचंय?" एकीने विचारलं.

आज पाटी पूजेत असते, तिच्यावर अभ्यास करायचा नाही, असं आई बजावायची. इथे मी तीसही दसरे शिकवतच राहिलो. फळ्यावर लिहून लिहून खांदा भरून आला होता.

"काहीच नाही. वह्या मिटा. आज सुट्टी," मी म्हटलं.

मुलं गेली. मी पहिल्या बाकावर नुसता बसून राहिलो. तेवढ्यात पुढच्या तासाचे प्राध्यापक आले, त्यांनी मला हसून नमस्कार केला आणि फळा पुसायला लागले.