शाळेच्या फॉर्मवरचं नाव

दुबईतल्या गोऱ्या साहेबांच्या मुलांच्या शाळेत माझी एक टर्म झाली होती, तीही चाचणीवर. वर्गात एकोणीस डोकी, त्यांत तेल चोपडलेली काळी वेणी एकटी माझी. डबा मी भिंतीकडे तोंड करून खायची. बांगड्याचा वास सुटला की शेजारची मुलगी उठून खिडकी उघडायची, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. तरी ती शाळा मला हवीच होती.

कायमचा प्रवेश द्यायच्या वेळी हेडमिस्ट्रेसबाईंनी आईवडिलांना बोलावलं. अब्बा लाँचवर इंजिन सांभाळायचे, ते बसऱ्याला गेलेले. अम्मा एकटीच आली, बुरख्यात. बाईंची बरीच वर्षं कराचीत गेली होती, त्यामुळे मोडकंतोडकं हिंदुस्तानी त्यांना यायचं.

"हस्बंड का नाम?"

अम्माने माझ्याकडे पाहिलं. आमच्या रत्नागिरीकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नसे. घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं म्हणत, आणि माणूस दर्यावर असेल तर विचारूच नका. घरी ती 'हिचे अब्बा' म्हणून भागवायची.

मी घाईघाईने तोंड उघडलं. "तुम नहीं," बाई म्हणाल्या. "तुम्हारा माँ बोलेगा." नवऱ्याचं नाव न सांगणारी बायको त्यांना संशयाची वाटली असावी. त्यांनी फाइल मिटली. "नहीं तो ये जगह दूसरे को देगा."

मी अम्माला कोपराने ढोसलं. तिची लाज वाटली मला, खोटं कशाला बोलू? "बोल ना गो," मी दात-ओठ खात पुटपुटले. "काही होत नाही."

अम्माने नाव घेतलं.

"जोर से," बाई म्हणाल्या.

तिने पुन्हा घेतलं.

प्रवेश मिळाला. लाँच गुरुवारी यायची होती. गुरुवार गेला, शुक्रवारही गेला. अम्माने मला एका शब्दाने दोष दिला नाही, नुसती नमाजाच्या मुसल्यावरून उठेना. आणि 'काही होत नाही' म्हणणारी मी शहाणी, शनिवारी भूगोलाच्या तासाला बसरा ते दुबई नकाशावर बोट फिरवत बसले.

रविवारी दुपारी अब्बा आले. इंजिन बिघडलं होतं, एवढंच. प्रवेशाचं ऐकून खूश झाले, मग हसत म्हणाले, "पण फॉर्मावर बापाचं नाव लागतं. ते कोणी सांगितलं?"

अम्माच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला.

"मी," मी म्हणाले.