मालूताईंचं कंदीलफूल

एके सकाळी मालूताईंच्या सुनेचा फोन आला, "काका, आई गेल्या..." आणि रडू येण्याआधी मला धडकीच भरली. त्यांचं कंदीलफूल, ते कंदिलाच्या आकाराचं दुर्मिळ रानफूल, कुठल्या डोंगरात फुलतं, हे आता माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं.

ताई नागपुरात वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. मी शेजारचा, पाखरांमागे हिंडणारा रिकामटेकडा. आमचं भांडण एकच... माझी हिरवी मुनिया मोलाची की त्यांचं फूल? मुनिया दाणे टिपणाऱ्या पाखरांच्या कुळातली, धोक्यातल्या जिवांच्या लाल यादीत 'असुरक्षित', कायद्याने पिंजऱ्यात ठेवायला बंदी. फूल मात्र शास्त्रज्ञांनी रुईच्या कुळातून काढून कण्हेरीच्या कुळात घातलेलं. "लगन नाही, काही नाही, अन् आडनाव बदललं गा!" ताई चिडायच्या. आणि यादीत? त्या फुलाला अजून कुणी तपासलंच नव्हतं. जागा सांगितल्याशिवाय तपासणार कसं, आणि जागेची बातमी फुटली की लोक त्याचे कंद खायला खणून नेतात.

"तुहे पाखरं उडून जातीन," त्या म्हणायच्या, "माहं फूल कुठं जाईन? तोंड उघडू नको." सातपुड्यात ती जागा दाखवायला मला नेलं (नेमकी कुठे, ते इथंही लिहीत नाही), तेव्हा फोनसुद्धा गाडीतच ठेवायला लावला. बाई कसली, जमादारच!

तेरावं झालं आणि कानावर आलं, त्याच उतारावर रस्ता रुंद करायचं काम निघालंय. माझी झोपच उडाली. गप्प बसावं तर मशीन फूल चिरडणार, बोलावं तर ताईंना दिलेला शब्द मोडणार. खरं सांगतो, मला ताईंचा रागच आला. जाताना तरी मला या शब्दातून मोकळं करायचं होतं! शेवटी वनखात्यात जाऊन सगळं सांगून टाकलं. काम थांबलं, पाहणी झाली, जागा कागदावर चढली... आणि तो कागद किती हातांतून फिरला, देव जाणे.

म्हणून फुलं गळून रोप गवतात दिसेनासं होईपर्यंत मी इथंच, या उतारावर, मुक्काम ठोकलाय. काल संध्याकाळी मागच्या गवतात हिरव्या मुनियांचा थवा उतरला. इतक्या जवळ त्या कधीच आल्या नव्हत्या. पण मी मान वळवली नाही. खालून दोन अनोळखी माणसं वर येत होती, एकाच्या हातात खुरपं.

"काय शोधून राहिले गा?"

"काही नाही काका, एक कंद हाय म्हणे इकडं."

"तो माह्या बहिणीचा हाय," मी म्हणालो, आणि ते माघारी फिरेपर्यंत वाटेतून हललो नाही.