चार बोटं बुटकी चाकं

ईरप्पा सुताराकडं गाडीची चाकं करून घ्यायला गेलेल्या माणसाला पहिला अपमान फुकटात मिळायचा. तुम्ही हात जोडून उभे, आणि म्हातारा तुमच्या पाठीमागं बघत विचारणार, "बैलं कुटं हायती?" बैल घरी आहेत म्हटलं की संपलं. "मग चाकं काय तुज्या खांद्याच्या मापानं करू? जा, बैलं घिऊन ये." गावचा पाटील असला तरी तोंडात मारल्यासारखा आल्या पावली परत जायचा, आणि दुसऱ्या दिवशी बैल घेऊन यायचा.

पण त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. चाक नको तेवढं उंच झालं तर गाडी पुढं कलते आणि सगळा भार बैलाच्या मानेवर येतो. बुटकं झालं तर गाडी मागं उलाळते आणि गळ्याचा पट्टा बैलाला आवळतो. म्हणून ईरप्पा आधी बैलाच्या खांद्याला दोरी लावायचा, मग गाडी कुठल्या रानात चालणार ते विचारायचा आणि त्यानंतर बाभळीच्या लाकडाला हात घालायचा. सोलापूरहून अक्कलकोटकडं रस्ता निघतो तिथं नाक्याजवळ त्याचं छप्पर होतं. गिरणीचा पहिला भोंगा झाला की त्याचा लाकूड तासायचा वाकस सुरू. साल एकोणीसशे तेहतीस. रबरी चाकांच्या लॉऱ्या तोवर त्या रस्त्यानं पळायला लागल्या होत्या. ईरप्पा त्यांच्याकडं बघून म्हणायचा, "वाऱ्यावर चालनारं चाक! वारा गेला की बसा फुंकत."

शर्यतीच्या गाडीचं गणित मात्र निराळं. तिथं ओझं नाही, नुसता वेग. उंच चाक खड्ड्यावरून सहज निघून जातं, म्हणून शर्यतवाल्याला उंच चाक हवं. चाकावरची लोखंडी पट्टी, म्हणजे धाव, जितकी अरुंद तितकी कडक माळावर हलकी पळते, म्हणून धाव अरुंद हवी. आणि गाडीही अरुंद हवी, म्हणजे दोन चाकांमधला आस आखूड, दोघांच्या मधून घुसायला. हे सगळं एका गाडीत भरलं की ती वाऱ्याशी बोलते खरी, पण वळणावर एक चाक उचललं की उलथायला वेळ लागत नाही. दर चैत्रात नाक्यापलीकडच्या माळावर शर्यत मंडळाच्या गाड्या पळायच्या. लांबवर रोवलेल्या दगडी खांबाला वळसा घालायचा आणि परत यायचं. चाळीस वर्षं त्या माळावर ईरप्पाची चाकं पहिली येत होती, आणि चाळीस वर्षं ज्याला जे माप सांगितलं तेच माप त्यानं हातात दिलं होतं. लोक शपथ घ्यायचे तरी म्हणायचे, ईरप्पाच्या दोरीची आण.

या माणसाला एकच लेक, गुरम्मा. ती पाच वर्षांची असताना बायको वारली. तेव्हापासून पोर छपरातच ढलप्यांत खेळत वाढली. बाकीच्या पोरी भातुकली मांडायच्या, ही चाकाचे आरे मोजायची. तिला दिलं कुंभारीच्या शिवपुत्राला. तोही सुताराच्याच घरचा, पण त्याला वाकस हातात धरवत नव्हता. त्याचा जीव दोन बैलांत, कोसा आणि बाशिंग्या. ईरप्पा म्हणायचा, "सुताराच्या पोटी गाडीवान निपजला. देवाचं माप चुकलं." तोंडानं असं, पण जावयाची शर्यतीची चाकं मात्र दर दोन वर्षांनी स्वतः करून द्यायचा.

त्या वर्षी माघात शिवपुत्र बैल आणि शर्यतीची गाडी घेऊन आला. "मामा, औंदा चाकं दोन बोटं आनकी उंच करा. धाव बोटभरच ठिवा. बिरप्पाला मागं टाकायचंच." बिरप्पा म्हणजे मंडळातला त्याचा पक्का दावेदार. ईरप्पानं बैलांच्या खांद्याला दोरी लावली, दोरीला गाठी मारल्या, आणि "बगू" म्हणाला.

दुसऱ्या आठवड्यात गुरम्मा आली, दोन कोस चालत, एकटी. पाचवा महिना होता. याआधी दोनदा कूस उजवली आणि दोनदा रिकामी झाली होती, त्यामुळं तिला दारात बघून ईरप्पाच्या हातातला वाकस थांबला.

"चालत आलीस? डोकं फिरलंय का तुजं?"

"अप्पा, भांडू नकोस. माप सांगाया आलीया." ती लाकडाच्या ओंडक्यावर बसली. "त्यांची चाकं चार बोटं बुटकी कर. आस दोनी अंगानी तीन तीन बोटं लांब घे. धाव अडीच बोटं रुंद."

ईरप्पा बघतच राहिला. एवढं माप ऐकून गाढवालाही कळलं असतं की ही गाडी कधी उलथणार नाही आणि कधी जिंकणारही नाही.

"शर्यतीची गाडी हाय ती, गुरम्मा. कडब्याची न्हवं."

"ठाव हाय मला. गेल्या साली वळसंगचा गडी खांबापाशी उलथला. त्याच्याच गाडीचं चाक त्याच्या छातीवरनं गेलं. त्याला उचलून आनलं ते ह्यांनीच. अन् तू बगितलं न्हाईस, मी बगितलं, त्याच वळनावर ह्यांचं चाक बी हातभर उचललं हुतं. खालनं उजेड दिसत हुता." तिचा आवाज फाटला. "पाया पडून सांगितलं, व्हय म्हनत्यात अन् जात्यात. शर्यत सोडली तर वाळून जातील. न सोडली तर... अप्पा, मला हारनारा नवरा पायजे."

ईरप्पा चिडला. चिडणारच की. चाळीस वर्षांचं नाव असं ढलप्यांत टाकून द्यायला सांगते पोरगी! "ईरप्पाच्या हातनं खोटं माप जायाचं न्हाय," तो ओरडला. गुरम्मा नुसती रडत बसली, पोटावर हात ठेवून, आवाज न करता. लहानपणी बोटावर हातोडा बसला तरी ही पोर आवाज करायची नाही. ईरप्पाला ते आठवलं आणि म्हाताऱ्याचं काळीज पाणी पाणी झालं. तिला त्यानं ज्वारीच्या गाडीवर बसवून कुंभारीला पाठवलं, आणि जाताना फक्त एवढंच म्हणाला, "पुन्यांदा चालत आलीस तर तंगडं मोडीन."

त्यानं चाकं केली. चार बोटं बुटकी. आस लांब. बुटक्या चाकानं गाडी मागं उलाळेल, म्हणून आस जरा मागं सरकवला आणि जू पुन्हा सरळ आणलं. हरवायचं तर हरवू, पण बैलांचा गळा काय म्हणून आवळायचा? शेजारचा शिवप्पा लोहार धाव चढवायला आला तो कपाळाला हात लावून बसला. "ईरप्पा, ही पट्टी शर्यतीच्या गाडीला? ताप-बीप आलाय का तुला?"

"तू लोखंड तापीव. माजं मी बगतो."

गोवऱ्यांच्या जाळात धाव लाल झाली, दोघांनी सांडशीनं उचलून चाकावर बसवली, पाणी पडलं, लाकूड कुरकुरलं. एरवी हा आवाज ऐकला की ईरप्पा मिशीत हसायचा. त्या दिवशी तो पाठ फिरवून उभा राहिला.

शिवपुत्र चाकं न्यायला आला. जावयानं एक चाक उभं केलं, तळहात फिरवला, थोडं गरगरवलं. ईरप्पा तंबाखू चोळत जमिनीकडं बघत होता. "बेस झाल्यात की मामा," शिवपुत्र म्हणाला, आणि चाकं गाडीला चढवून निघून गेला. ईरप्पाला आधी सुटल्यासारखं वाटलं आणि मग रागच आला. सुताराचा पोरगा, आणि चार बोटांचा फरक कळू नये! असल्या ठोंब्याला आपण पोरगी दिली, असं तो दोन दिवस शिवप्पाला ऐकवत होता.

चैत्रात शर्यत झाली. सहा गाड्या सुटल्या. खांबापाशी शिवपुत्राची गाडी वळली ती अशी, की दोन्ही चाकं जमिनीला चिकटून. ईरप्पानं ते बघितलं आणि जोरात श्वास सोडला. कुणी उलथलं नाही, कुणाला खरचटलं नाही. बिरप्पा पहिला आला. शिवपुत्र सहावा, आणि तोही इतका मागं, की लोकांनी वाट बघून बघून शेंगा सोलून खाल्ल्या.

मग गलका झाला तो चाकांवरून. "ईरप्पाचं चाक, ईरप्पाचं चाक ऐकत आलो जल्मभर," बिरप्पा म्हणाला. "हे चाक हाय व्हय? म्हाताऱ्याचा हात गेला. आता पाळनं करत बस म्हनावं." लोक हसले. ईरप्पा मान खाली घालून उभा. पाळण्याचं ऐकून त्याही स्थितीत त्याला मनातून बरं वाटलं, पण कान तापले होते. तेवढ्यात गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "दोरी आना! मापच घिऊ!"

ईरप्पाला पुढचं दिसलं. दोरी लागली की संपलं. हात गेला एवढंच म्हटलं तर एक वेळ चालेल, म्हातारपण कुणाला चुकतं? पण दोरी सांगणार की हे चुकून झालेलं नाही. ईरप्पानं सख्ख्या जावयाला खोटं माप देऊन फसवलं, हे सगळ्या माळाला कळणार. दोघंजण दोरी घेऊन पुढं आलेसुद्धा.

शिवपुत्र गाडीवरून उतरला आणि चाकाला पाठ लावून उभा राहिला. "माप कशाला? चाकात खोट न्हाय. मी भ्यालो."

दोरीवाले जागीच थांबले.

"वळनावर गेल्या सालचा गडी डोळ्यांम्होरं आला. हातपाय गळालं. कासरा वढून धरला मी, मग बैलं काय करत्याल? चाकं झ्याक हायती. मीच भेकड निगालो."

माळावर शर्यतवाल्यानं हे बोलणं म्हणजे स्वतःच्या हातानं तोंडाला काळं फासणं. दोरी बाजूला पडली. कुणी म्हणालं, "बांगड्या भरा की," कुणी शिट्टी मारली. शिवपुत्र बैलांच्या पाठीवरून हात फिरवत होता आणि लोकांबरोबर थोडा थोडा हसतही होता. ईरप्पा मान न उचलता गाडीत चढून बसला.

परतीच्या वाटेवर दोघं गाडीत. माळ मागं पडला तेव्हा कुठं म्हातारा बोलला. "जावईबापू, खरंच कासरा वढला का?"

"न्हाय मामा. पार सोडला हुता. बैलांनी जीव टाकला. चाकंच तेवडी पळनारी."

"कवा कळलं?"

"हात फिरिवला तवाच. मी बी सुताराच्याच पोटचा की."

"मग जुपली कशाला?"

"चाळीस सालांत तुमी कुनाला खोटं माप दिलं न्हाय. अन् मला दिलं. म्हनलं, म्हाताऱ्याला केवडं भ्या वाटलं असंल, तवा ह्यो हात असा चालला. मग कसं मोडावं ते?"

ईरप्पा ढसाढसा रडला. उपरण्यात तोंड खुपसून, लहान पोरागत. शिवपुत्रानं बैल हळू केले.

पण ईरप्पा गप्प बसणारा माणूस नव्हे. पुढच्याच बाजारच्या दिवशी तो मंडळाच्या पंचांसमोर उभा राहिला, बिरप्पाही तिथंच होता. "ऐका. चाकं म्या मुद्दाम संथ केली. चार बोटं बुटकी. माजा जावई भ्याला न्हाय. भ्यालो त्यो मी. काय बोलायचं ते मला बोला."

सगळ्यांनी ऐकलं. मग बिरप्पा उठला आणि चक्क म्हाताऱ्याच्या पाया पडला. "सासरा असावा तर असा," तो म्हणाला. "जावयाचं झाकाया सोताचं नाव इकाया निगालाय."

"आरं झाकत न्हाय, खरं बोलतोय!"

"व्हय व्हय अप्पा. ईरप्पाच्या दोरीतनं खोटं माप? लेकराला तरी पटंल का?"

"दोरी लावा की मग! त्या दिशी आनली हुती न्हवं?"

"तुमच्या चाकाला दोरी लावायची? पाप लागंल अप्पा," पंच म्हणाले, आणि त्याला चहा पाजला. तो जितका ओरडला तितकं त्याचं नाव मोठं होत गेलं, आणि शिवपुत्र भेकड तो भेकडच राहिला.

ईरप्पा तसाच भर उन्हाचा कुंभारीला निघाला, संतापानं लाल होऊन. जावयाच्या अंगणात पाय टाकताच त्यानं तोंड सोडलं, "जावईबापू, ही काय मानसं हायती का..."

शिवपुत्र ओसरीवरून लगबगीनं उठला आणि ओठांवर बोट ठेवलं. "हळू मामा. गुरी झोपलीया."

आत घोंगडीवर गुरम्मा एका कुशीवर पडली होती, तोंड किंचित उघडं, हात पोटावर. डोक्याशी मांजर बसलं होतं आणि बाहेर कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं, तरी ती हलली नाही.

"तुमास्नी भेकड म्हनत्यात तितं," ईरप्पा दबक्या आवाजात म्हणाला. "म्या खरं सांगितलं, कुनी आयकंना."

"म्हनू द्या की," शिवपुत्र तिच्याकडंच बघत होता. "वरीस झालं मामा, ही अशी झोपली न्हवती. मी कूस बदलली तरी उठून बसायची. आता बगा की."

ईरप्पानं बघितलं. मग त्यानं वाजणार नाहीत अशा बेतानं वहाणा काढल्या आणि जावयाच्या शेजारी बसून राहिला.