झाकण उघडं होतं

"तू जरा लांब हो. तुझा हात लागायला नको आता."

खंडेनवमीची सकाळ. वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतली आमची छोटी प्रयोगशाळा. रिअॅक्टरच्या पोलादी भांड्याला पापडीहून आणलेली झेंडूची माळ. हे बोलल्या त्या मॅडम, प्रयोगशाळेचे मालक असलेल्या सरांची बायको. वर्षभर तो रिअॅक्टर मीच उघडते, मीच धुते, मीच सुकवते. तेव्हा कुणाला माझा हात दिसत नाही.

आम्ही बौद्ध. मला पूजा करायची नव्हतीच. पण माझ्या कामापासून मला हाकलावं, हेही नको होतं. मी सरांकडे बघितलं. सर मोबाईलमध्ये बघत होते.

हेच सर बोळिंजला आमच्या घरी आले होते. आईच्या हातची भाकरी, बोंबलाचं कालवण पोटभर जेवले. वडिलांना म्हणाले, "ही माझीच लेक समजा." वडील अजून ते चारचौघांत सांगतात.

मॅडमनी आंब्याच्या पानानं पाणी शिंपडलं. झाकण उघडं होतं. थेंब आत गेले.

आमचा उत्प्रेरक मेटॅलोसीन म्हणजे भलतं नाजूक प्रकरण. त्याच्या जोरावर इथिलीन वायूचं प्लास्टिक होतं, पण ओल लागली की उत्प्रेरक मेलाच. वायू किती वेगानं ओढला जातो, त्यावरून किती उत्प्रेरक जिवंत आहे ते कळतं. तो वेग मोजणं हेच माझं काम.

मी म्हटलं, "सर, आत पाणी गेलंय. परत सुकवायला लागेल."

"पूजेच्या पाण्यानं काय होतंय? पाहुणे खाली आलेत. चालू कर."

चालू केलं. स्क्रीनवरची वेगाची रेष जेमतेम उठली आणि आडवी झाली. आमचा उत्प्रेरक घेऊ पाहणाऱ्या कंपनीचे पाहुणे सरांकडे बघायला लागले. सर हसले.

"हिच्या हातून ओल गेली. कोट्यातून डिग्री घेतलेली आहे, शिकेल हळूहळू."

पाहुणे गेल्यावर सर जवळ आले. "मनाला लावून घेऊ नको गं. त्यांना काय पूजेचं पाणी सांगू? तू घरचीच आहेस."

म्हणजे माहीत होतं. सगळं माहीत असून माझा बळी दिला, आणि वर घरची म्हणाले. परक्यानं मारलं असतं तर इतकं लागलं नसतं.

दसरा झाल्यावर पाहुणे परत आले. भांडं मी कोरडं ठणठणीत केलं होतं. तोच उत्प्रेरक, तेच माप. रेष सरळ वर गेली आणि सावकाश उतरायला लागली, जशी उतरायला हवी तशी.

"बघा," सर म्हणाले, "आज मी स्वतः लक्ष घातलं."

मी दोन्ही रेषा शेजारी लावल्या. पाहुण्यांना म्हटलं. "दोन्ही वेळा हात माझाच आहे. त्या दिवशी मला लांब उभं करून उघड्या भांड्यात पूजेचं पाणी शिंपडलं. सरांना मी तेव्हाच सांगितलं होतं."

पाहुणे स्क्रीनकडे वाकले. मग सर दबक्या आवाजात म्हणाले, "बाहेर जा."

"आत दाब आहे, सर. उतरवल्याशिवाय मी हलणार नाही."

दाब उतरवला. भांडं उघडलं, माझ्याच हातानं. नोकरी राहील की जाईल, माहीत नाही. राहिली तर पुढच्या खंडेनवमीला झाकण बंद असेल आणि मी रिअॅक्टरला लागून उभी असेन. गेली तर का गेली, ते विचारेल त्याला सांगेन.

घरी आल्यावर वडिलांना सगळं सांगितलं. सर परत बोळिंजला आले तर दार मी उघडणार आहे. आईच्या हातची भाकरी त्यांच्या ताटात पुन्हा पडणार नाही.