कानावर येईपर्यंत

माझ्या सुनेच्या देवाला तोंड नव्हतं. कॉव्हेंट्रीच्या आमच्या घरात, जेवणाच्या खोलीत, साइडबोर्डच्या वर तिने एक उंच फळी ठोकून घेतली होती. त्यावर खेळण्यातलं वाटावं असं लाकडी घर, घरात कागदात गुंडाळलेली एक पट्टी, पुढे पाणी, मीठ आणि कच्चे तांदूळ. मूर्ती नाही, तसबीर नाही. "आत कोण आहे?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं. "दिसत नाहीत, आई. पण येतात," ती इंग्रजीत म्हणाली. मी बहिणीला फोन करून सांगितलं की सून जपानहून येऊन पोचली, तिचा देव अजून वाटेत आहे. दोघी पोट धरून हसलो.

मुलगा आणि सून तेव्हा माझ्याकडेच राहत होते. त्यांचं नवं घर दोन रस्ते पलीकडे, पण सॉलिसिटर रोज नवा कागद मागत होता. मी कौन्सिलच्या नोकरीतून रिटायर झालेली, विधवा, दिवसभर घरी. त्यामुळे तिचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत चालायचं. माझी झोपायची खोली बरोबर त्या फळीच्या वर येते हे कळल्यावर तिने छताला एक कागद चिकटवला. त्यावर त्यांच्या लिपीत एकच अक्षर, ढग. देवाच्या डोक्यावरून कुणी चालू नये, वर फक्त आभाळ असावं, म्हणून. म्हणजे माझ्याच घरात मला तिने आभाळात धाडलं.

संध्याकाळी भाजी चिरताना ती शिंतो म्हणजे काय ते सांगायची. मराठी माझ्याकडूनच शिकली होती, लहान लहान वाक्यांत बोलायची. त्यांच्यात ऐंशी लाख कामी, म्हणजे देव. झाडात, दगडात, नदीत, चुलीत. धर्म कुणी स्थापन केला नाही, एक असा ग्रंथ नाही. माणूस मुळात वाईट नसतो, त्याच्यावर मळ बसतो, तो धुवायचा. घर बांधण्याआधी जमिनीतल्या कामीची परवानगी काढायची. तेहतीस कोटी देव बाळगणाऱ्या बाईने यावर हसू नये, हे मला कळत होतं. तरी मी हसले.

"आणि कुणी गेलं तर?" मी एकदा विचारलं.

"मग केगारे. डर्टी, पण कुणाचा फॉल्ट नाही. पन्नास दिवस त्या छोट्या घरावर पांढरा कागद लावायचा. कामीसमोर जायचं नाही."

"म्हणजे आमचं सुतकच की. पण आमच्यात कानावर आल्यापासून धरतात. कळलंच नाही तर लागत नाही."

तिने सुरी बाजूला ठेवली. "पण कामीला माहीत असतं ना, आई," ती म्हणाली. मला तेव्हा ते बालिश वाटलं.

घराच्या किल्ल्या मिळाल्या आणि मी वास्तुशांत ठरवली. वेम्बलीहून गुरुजी, सत्तर माणसं, नऊवारीतली सून. खरं कारण सांगते. लग्न रजिस्ट्री ऑफिसात उरकल्यापासून आमच्या मंडळातल्या बायका मला भेटल्या की आवाज मऊ करायच्या, घरात कुणी आजारी असल्यासारखा. त्या सगळ्यांनी माझी सून मुलाच्या उजव्या हाताला पाटावर बसलेली पाहायला हवी होती. तिला स्वतःलाही पूजा आवडली होती. जमिनीची माफी मागायची म्हणजे आमच्यासारखंच, ती म्हणाली.

त्याच सुमाराला तिची आई आजारी पडली. आधी आई स्वतः फोन करायची, मग हॉस्पिटलात गेली आणि बोलणं बंद झालं. भाऊ होता, पण परदेशी माणसाशी लग्न केलं म्हणून तो बहिणीशी बोलत नसे. ती कामावर असताना तो आमच्या लँडलाइनवर फोन करायचा आणि मोडक्या इंग्रजीत मला निरोप द्यायचा. सुनेला बुधवारीच निघायचं होतं. मी म्हटलं, "पूजेला जोडपं लागतं गं. रविवार होऊ दे. सोमवारी जा. चार दिवसांनी काय होतंय?" तिने सोमवारचं तिकीट काढलं.

गुरुवारी सकाळी साडेदहाला भावाचा फोन आला. आई पहाटे गेली. त्याने विचारलं, बहीण कधी येईल, आम्ही थांबू का?

मला विचार करायला फार वेळ लागला नाही, हे मी कबूल करते. मला सुतक नाही, ती माझ्या गोत्रातली नव्हे. मुलाच्या कानावर गेलं तर जावई म्हणून त्याला तीन दिवस. सुनेच्या कानावर गेलं तर ती लगेच निघणार, म्हणजे पूजाच गेली. कुणाच्याच कानावर गेलं नाही तर कुणालाच काही नाही. शास्त्र पूर्ण माझ्या बाजूने होतं. मी भावाला म्हटलं, "शी कान्ट कम बिफोर ट्यूझडे. प्लीज डोन्ट वेट." तो थँक्यू म्हणाला. मी फोन ठेवला आणि काजू निवडायला बसले.

शुक्रवारी सकाळी ती नेहमीसारखी फळीपुढे उभी राहिली. पाणी बदललं, मीठ बदललं. दोनदा वाकली, दोन टाळ्या वाजवल्या. मग एरवीपेक्षा बराच वेळ हात जोडून उभी राहिली, शेवटी एकदा वाकली. मी मागे चहा गाळत होते. वळून म्हणाली, "आईला बरं कर, असं सांगितलं." मी म्हटलं, "होईल हो बरी." शनिवारी तेच. रविवारी नऊवारी नेसून तेच, केसात गजरा, आणि टाळ्या वाजवताना माझ्या पाटल्या तिच्या हातात वाजल्या. ती किती गोड दिसत होती, आणि मला किती अभिमान वाटत होता, हे आज लिहितानाही मला लपवता येत नाही.

पूजा उत्तम झाली. मऊ आवाजाच्या बायकांनी दोनदा शिरा मागून घेतला.

संध्याकाळी शेवटची गाडी गेल्यावर आम्ही माझ्या घरी परतलो. मी तिला सोफ्यावर बसवलं आणि सांगितलं, आत्ताच फोन आला होता, आई गेली. ती रडली नाही. उठून भावाला फोन लावला, लग्नानंतर पहिल्यांदा. तिकडे सोमवारची पहाट होती. दोनच मिनिटं बोलली. मला जपानी येत नाही, पण तिचा आवाज कुठे तुटला ते कळलं. फोन ठेवून तिने सांगितलं, शनिवारीच दहन झालं होतं. गुरुवारीच तुमच्या घरून सांगितलं थांबू नका म्हणून, भाऊ म्हणाला होता. त्यांच्यात दहनानंतर लगेच मुलांनी अस्थी वेचायच्या असतात. भावाने एकट्याने वेचल्या.

मुलगा माझ्याकडे पाहत होता. "आई, यू न्यू? गुरुवारपासून तुला माहीत होतं?"

"शास्त्राप्रमाणे कळेपर्यंत सुतक नसतं," मी म्हटलं. माझा आवाज ठाम होता.

सून म्हणाली, "तीन दिवस मी आईला बरं कर म्हणत होते. तुम्ही मागे उभ्या होतात. तुम्ही म्हणालात, होईल." मग तिने खुर्ची ओढली, वर चढली आणि त्या लाकडी घरावर पांढरा कागद लावला. पन्नास दिवस तिने गुरुवारपासून मोजले.

भांडण होईल म्हणून मी तयारीत होते. ते झालंच नाही. ती जपानला जाऊन आली, नव्या घरी राहायला गेली, पुढे मुलाच्या नोकरीमुळे दोघं लीड्सला गेली. सणाला नमस्काराला यायची, माझ्या गोळ्यांच्या वेळा लक्षात ठेवायची. एकदा मीच विषय काढला. म्हटलं, तुमच्यात मळ धुतला जातो ना, मग माझाही धुवून टाक. ती म्हणाली, "केगारे कुणाच्या चुकीने लागत नाही, आई. तुमचं वेगळं आहे." आणि माझ्या ताटात पोळी वाढली.

गेल्या वर्षी माझ्याकडे दहा दिवसांचा गणपती होता. विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी सुनेचा फोन आला. मुलाचं अपेंडिक्स फुटलं होतं, विष अंगभर पसरलं होतं. आठ दिवस इंटेन्सिव्ह केअरमध्ये होता, आता वॉर्डमध्ये आणलंय. मी मिळेल त्या ट्रेनने लीड्सला गेले. मुलगा निम्मा झाला होता. मी तिला कॉरिडॉरमध्ये गाठलं आणि ओरडले, आठ दिवस, आठ दिवस तू मला काही बोलली नाहीस!

"तुमच्या घरी गणपती बसले होते, आई. विसर्जनापर्यंत थांबले."

"आणि तो वाचला नसता तर?"

"तर विसर्जनानंतर सांगितलं असतं," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. मला तिथल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून ती चहा आणायला गेली.

आता दर रविवारी तिचा फोन येतो. सगळं छान आहे, आई, ती म्हणते. मी म्हणते त्याला फोन दे. तो दोन शब्द बोलतो, मी ऐकते, फोन ठेवते. मग सोमवार उजाडतो, आणि पुढच्या रविवारपर्यंत माझा मुलगा आहे की नाही, हे मला माहीत नसतं.