एकाच घराण्याचं औषध

शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांत असा जीव जन्मलेला नाही, ज्याचं घराणं माझे चुलत सासरे हातातला पाण्याचा पेला संपायच्या आत शोधून काढणार नाहीत. जीव हा शब्द मी जपून वापरतो आहे, कारण ते माणसांपाशी थांबत नाहीत. मुरबाडच्या बाजारात वांग्याचं रोप घेतानाही "बी कोनाकडचं?" हे विचारल्याशिवाय पिशवी उघडत नाहीत. माझं लग्न ठरताना बाकीच्यांनी शिक्षण आणि नोकरी विचारली. यांनी माझ्या आजीचं माहेर विचारलं आणि ते शहापूरजवळचं निघताच उठून मला मिठी मारली. "आपलाच रे हा!" माहेरच्या गावापलीकडे त्या आजीबद्दल मला काडीचीही माहिती नव्हती, म्हणून ती मिठी मी फुकट लाटली असं अजून वाटतं. एकदा शेअर जीपमध्ये शेजारच्या अनोळखी माणसाला त्यांनी असंच धरलं. आमचं गाव येईपर्यंत तो त्यांच्या मेहुणीच्या दिराचा व्याही निघाला होता, आणि स्वतःचं गाव मागे टाकून बिचारा आमच्या पंगतीला जेवायला बसला होता.

गावातल्या कुत्र्यांच्याही पिढ्या त्यांना पाठ. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिथे असताना शेजारच्या पिवळ्या कुत्रीने त्यांच्या नातीच्या, चिमीच्या गालाला दात लावले, तेव्हा सगळं घर ओरडत असताना हे शांत होते. चिमीची आई, म्हणजे सूनबाई, म्हणाली, "बाबा, दवाखान्यात जाऊया. सुई द्यायला लागंल."

"काय गो घाबरतेस? हिची आई मी बघलीय, आजी बघलीय. एकीनं कधी कोनाला दात लावला नाय. पोरीनं शेपटी ओढली असंल. असल्या घरातली कुत्री पिसाळत नाय."

जखमेवर हळद दाबली गेली. "काय जावईबापू?" असं त्यांनी मला विचारलं आणि मी मान डोलावली. सासरच्या अंगणात माझी मान माझ्या ताब्यात नसते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुराखी सांगत आला, की पिवळी रात्रभर दगडांना चावत फिरली आणि ओढ्यापाशी मरून पडली. सासरे पायरीवर बसले होते. "हिची आजी..." एवढंच म्हणाले. मग त्यांनी चिमीला उचललं ते थेट जीपमध्ये बसेपर्यंत खाली ठेवलं नाही. त्या जीपमध्ये त्यांनी कुणालाही गाव विचारलं नाही.

तालुक्याच्या दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती. तिने आधी साबण आणि वाहतं पाणी घेऊन ती जखम धुतली, धूत राहिली, आणि धुता धुता आम्हाला झापलं. "गालावरचा चावा आहे, मेंदूच्या जवळ. कालच यायचं ना! कुत्रीचं घराणं बघून रेबीज कळतो का, आजोबा?" मग दंडात लस दिली आणि फ्रिजमधून करंगळीएवढी बाटली काढली. "हे आता जखमेत, चारी बाजूंनी टोचायचं. लशीने पोरीचं शरीर स्वतःच विषाणूशी लढायला शिकेल, पण त्याला वेळ लागतो. तोपर्यंत ही तयार प्रतिपिंडं विषाणूला इथल्या इथे धरून ठेवतील."

चिमीला छातीशी धरून ठेवलेल्या सासऱ्यांच्या तोंडून शेवटी ते आलंच. "बाय, ह्ये कुठलं? कोनाचं?"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पण डॉक्टरणीने सुई भरता भरता उत्तर दिलं. "पूर्वी घोड्याच्या नाहीतर माणसांच्या रक्तातून काढायचे. त्यात अनेक प्रकार एकत्र यायचे. हे तसं नाही. या विषाणूला नेमकं पकडणारं प्रतिपिंड बनवणारी एकच पेशी शोधतात. मग टाकीत तिचाच वंश वाढवतात. लेकी, नाती, पणत्या, सगळ्या तिच्यासारख्या, आणि सगळ्या तेच एक प्रतिपिंड बनवतात."

सासऱ्यांचे डोळे मोठे झाले. "येकाच बाईचा वंश?"

"हो, तसंच समजा."

"आन येवढ्या पिढ्यांत कोनी बिघडला नाय?"

"बिघडलेल्या निघतातही. तपासून काढून टाकतात."

"आमच्यात तसं करता येत नाय," ते म्हणाले. बाहेरच्या बाकावरचे पेशंटही हसले. ते मात्र हसले नाहीत. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "नाव काय त्या मूळ बाईचं?"

"नाव कुठलं? नंबर असतो."

याचं त्यांना फार वाईट वाटलं. सुई गालात शिरली, चिमी किंचाळली, आणि तिला घट्ट धरून ते त्या रिकाम्या होत आलेल्या बाटलीकडे बघत पुटपुटत होते, "सांभाळ गो माय. आमच्या वळखीची चूक झाली." जन्मभर घराण्यांवर विसंबलेला हा माणूस त्या सकाळी फसला होता तो ओळखीच्या घराण्यावर, आणि आता नात सोपवत होता एका अशा घराण्यावर, ज्याचं गाव नाही, नाव नाही, चेहरा नाही. मीही ती बाटली बघत होतो. तळाशी थेंबभर पाणी दिसत होतं. त्यात कुणीतरी आमच्यासाठी लढायला आलेलं आहे, या विचाराने माझ्याही अंगावर काटा आला.

पुढच्या सगळ्या सुयांना चिमीला तेच घेऊन गेले. कुत्रं पिसाळून चावलं की माणसाला पाणी गिळवत नाही हे त्यांनी ऐकलं होतं, म्हणून घरी रोज सकाळी पाण्याचा पेला तिच्या ओठांना लावून, ती नीट गिळते आहे हे बघेपर्यंत स्वतः चहा घेत नव्हते. चिमी पाणी प्यायली, शाळेत गेली, भांडू लागली. गालावर तांदळाएवढा व्रण राहिला आहे.

आता सासऱ्यांची आठवण विरत चालली आहे. ज्यांनी मला माझ्या आजीवरून आपलं म्हटलं, त्यांनी यंदा अंगणात मलाच विचारलं, "तू कोनाचा रे?" मी आजीचं माहेर सांगितलं, तेव्हा नुसते हसले. सर्वपित्रीला सूनबाई पूर्वजांची पानं वाढत होती. नेहमीची वाढून झाली, तरी ते उठेनात. शेवटच्या पानाच्या पलीकडे बोट दाखवून म्हणाले, "आजून येक."

चिमीनेच ते पान मांडलं. त्या सुयांपासून दरवर्षी तीच मांडते. मी हळूच म्हणालो, "काका, ती बाटलीतली बाई तर अजून जिवंत असेल. टाकीत वाढते आहे."

त्यांनी पानावर आपल्या हाताने भात वाढला, वर तुपाची धार सोडली.

"आसंल," ते म्हणाले. "पन उपाशी नको राहायला."